लाल कानाचं कासव घरात नीट कसं वाढवायचं

पाळीव प्राण्यांच्या दुकानात नाण्यापेक्षा जरा मोठं, हिरवंगार कासवाचं पिल्लू मिळतं. त्याच्यासोबत काचेचं वाडगं, मूठभर रंगीत खडे आणि सुकवलेल्या कोळंबीची डबी देतात. एवढ्यावर ते पिल्लू जगत नाही. गार पाणी, उन्हाचा अभाव आणि एकच एक खाणं यांनी ते हळूहळू खंगत जातं. कासव आजार लपवतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. घरातल्या कासवाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ त्याच्या टाकीत सापडतं, म्हणून इथे औषधांपेक्षा टाकी, ऊन आणि पाणी यांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी कासव कोणतं ते बघा

दुकानात मिळणारं हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर पिवळ्या रेघा, पोटाखालची ढाल पिवळी आणि तिच्यावर काळपट ठिपके, ही खूण.

पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं जमिनीवरचं तारांकित कासव, मऊ पाठीचं आणि मागच्या पायांवर कातडीच्या झडपा असलेलं तळ्यातलं कासव, पाठीच्या मधोमध कौलारू छपरासारखा कणा असलेलं कासव, ही सगळी भारतीय कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती विकत घेणं, घरात ठेवणं, कुणाला भेट देणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षं कैदेची शिक्षा आहे. ‘लक्ष्मी येते’ म्हणून कुणी असं कासव देऊ केलं तर घेऊ नका. रस्त्यात, शेतात किंवा विहिरीत सापडलं तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुढची सगळी माहिती फक्त लाल कानाच्या कासवाची आहे. जमिनीवरच्या कासवाला यातलं बरंचसं लागू पडत नाही.

आणण्याआधी घरात एकदा बसून बोला. मादीची पाठ २५ ते ३० सेंटिमीटर होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. नर १५ ते २० सेंटिमीटरवर थांबतो, त्याची पुढची नखं लांब आणि शेपटी जाड असते. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. नीट सांभाळलं तर हा जीव २५-३० वर्षं जगतो. आज दुसरीत असलेल्या मुलासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नानंतरही कुणाला तरी सांभाळायचं आहे.

टाकी

हिशेब सोपा आहे: पाठीच्या लांबीच्या दर अडीच सेंटिमीटरला सुमारे ४० लिटर पाणी. दहा सेंटिमीटरच्या कासवाला १६० लिटर, पंचवीसच्या मादीला ४०० लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी तीन चतुर्थांश भरली की १९० लिटर पाणी मावतं. ती साधारण बारा सेंटिमीटरपर्यंत पुरते. पुढे सहा बाय दोन बाय दीड फुटांची टाकी लागते. काचेचा खर्च परवडत नसेल तर जाड प्लास्टिकचा आयताकृती टब उत्तम. कासवाला बाहेरचं दिसायलाच हवं असं नाही, पोहायला जागा हवी.

चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो वजन, वर काच आणि स्टँड वेगळे. जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या गॅलरीत एवढी टाकी ठेवू नका. घरात बीमला लागून, भिंतीच्या कडेला ठेवा, आणि शंका असेल तर इंजिनिअरला विचारा.

पाण्याची खोली कासवाच्या पाठीच्या लांबीच्या किमान दीडपट ते दुप्पट हवी. ‘बुडेल’ म्हणून लोक दोन बोटं पाणी ठेवतात, तिथेच घात होतो. उथळ पाण्यात उलटं पडलेलं कासव सरळ होऊ शकत नाही आणि नाक पाण्याखाली राहून गुदमरतं. खोल पाण्यात ते सहज वळतं. अगदी लहान किंवा आजारी पिल्लापुरतं पाणी थोडं कमी ठेवावं.

तळाशी काहीही घालू नका. रंगीत खडे तर नकोतच. कासव ते गिळतं, आतडं अडतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. घालायचेच असतील तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे घाला.

सुकायची जागा

टाकीत अशी एक जागा हवी जिथे कासव पूर्ण बाहेर येऊन खडखडीत कोरडं होईल. पोटसुद्धा. पाठीवर आणि पोटावर बुरशी धरते ती ही जागा नसल्यामुळे, किंवा असून ओली राहत असल्यामुळे. दुकानातल्या चिकटवायच्या प्लास्टिकच्या फळ्या मोठ्या कासवाच्या वजनाने बुडतात. त्यापेक्षा विटांवर बसवलेलं जुनं मंगळुरी कौल चांगलं: खरखरीत असल्याने नखं रुततात, आणि एक टोक पाण्यात बुडवलं की आपोआप उतार होतो. नवं सिमेंट किंवा चुना लागलेला तुकडा वापरू नका, त्याने पाण्याचा क्षार वाढतो. वीट आणि काच यांच्यामध्ये कासव अडकेल एवढी फट ठेवू नका. पाण्याखाली अडकलेलं कासव बुडून मरतं. फट एकतर पूर्ण बंद करा, नाहीतर ते आरपार निघेल एवढी मोठी ठेवा.

या जागेवर दिव्याने ३० ते ३५ अंश तापमान मिळायला हवं. ४० ते ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब रिफ्लेक्टरमध्ये बसवून, कासव मान उंचावूनही शिवू शकणार नाही इतक्या उंचीवर टांगा. एलईडी चालणार नाही, त्याची ऊब पोचत नाही. बल्ब किती उंच ठेवायचा ते कौलावर थर्मामीटर ठेवून ठरवा. हाताला ‘बरं गरम’ लागणं हे मोजमाप नव्हे.

ऊन आणि यूव्हीबी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

पाठीचं कवच हाडाचं असतं. हाडाला कॅल्शियम लागतं, आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. ही किरणं साध्या काचेतून येत नाहीत. खिडकीच्या बंद काचेआडून टाकीवर कितीही ऊन पडलं तरी कासवाला त्याचा उपयोग शून्य, उलट पाणी तापण्याचा धोका. यूव्हीबी मिळाली नाही की कासव कॅल्शियमसाठी स्वतःची हाडं पोखरतं. आधी पाठीच्या कडा वर वळतात, मग पाठ बोटाने दाबली तर दबते, पाय थरथरतात, जबडा मऊ पडतो आणि खाणं थांबतं. अगदी लहान पिल्लाची पाठ थोडी लवचीक असते. वर्षाच्या कासवाची मात्र टणक असायलाच हवी.

सर्वांत स्वस्त आणि उत्तम उपाय म्हणजे थेट ऊन. आठवड्यातून चार-पाच दिवस, वीस ते तीस मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान, थंडीत दहा ते बारा. रुंद टबात दोन-तीन बोटं पाणी घाला, अर्ध्या टबावर सावलीसाठी फळी टाका आणि वरून जाळी बांधा. गॅलरीत कावळा, घार आणि मांजर तिघंही येतात. समोर बसून राहा. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका. तिच्यातलं पाणी मिनिटांत तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आतच आटपा.

ऊन शक्य नसेल, किंवा पावसाळ्याचे चार महिने, यूव्हीबी ट्यूब लावा. पाकिटावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेलं असतं. कौलापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा अॅक्रिलिक न ठेवता, रोज दहा-बारा तास. लावली त्या दिवशीची तारीख पट्टीवर लिहून चिकटवा, कारण सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी संपते आणि ट्यूब मात्र पूर्वीसारखीच उजेड देत राहते. निळे-जांभळे सजावटीचे दिवे यूव्हीबी देत नाहीत.

पाण्याचं तापमान

मोठ्या कासवासाठी २४ ते २७ अंश, पिल्लासाठी २६ ते २८. मुंबई आणि कोकण-गोव्याकडे वर्षाचा बराच काळ हे आपोआप जमतं. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी १५-१६ अंशांवर येतं. मग कासव खाणं सोडतं, तळाशी पडून राहतं आणि घरचे म्हणतात, ‘थंडीची झोप घेतंय.’ ही झोप घरात होऊ देऊ नका. अर्धवट गार पाण्यात त्याचं पचन बंद पडतं, पोटातलं अन्न कुजतं, प्रतिकारशक्ती खाली येते आणि न्यूमोनिया गाठतो.

हीटर एका लिटरला एक वॅट या हिशेबाने, थर्मोस्टॅटवाला घ्या: १९० लिटरला २०० वॅट. कासव काचेचा हीटर फोडतं, म्हणून त्याला प्लास्टिकची जाळी हवी. पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटं हीटर बंद करा. गरम हीटर उघडा पडला की तडकतो, आणि मग पाण्यात वीज उतरते. टाकीच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायची सवय लावा.

पाणी स्वच्छ ठेवणं

कासव ज्या पाण्यात खातं त्याच पाण्यात शी करतं, तेच पितं. माशांच्या टाकीसाठी असलेला छोटा फिल्टर इथे टिकत नाही. फिल्टर घेताना पाकिटावरची क्षमता तुमच्या टाकीच्या लिटरच्या दुप्पट-तिप्पट असलेला घ्या. १९० लिटरच्या टाकीला ४०० ते ५०० लिटरच्या टाकीचा, शक्यतो टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर, म्हणजे डब्याचा फिल्टर.

फिल्टरच्या स्पंजमध्ये उपयोगी जिवाणू वाढतात. ते विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला. स्पंज नळाखाली चोळून धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत पाणी पुन्हा गढूळ होतं. टाकीतलंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज हलकेच पिळा.

टाकी जमली की आठवड्याला २५ ते ५० टक्के पाणी बदला, सगळं एकदम नको. नळाचं पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवा किंवा क्लोरीन काढायचं औषध बाटलीवरच्या मापाने घाला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं असावं. टाकीला वास येत असेल तर समजा की टाकी लहान आहे, फिल्टर कमी पडतोय किंवा खाणं जास्त होतंय. अत्तरी ‘वॉटर क्लीनर’ने यातलं काहीच सुटत नाही.

बोअरच्या जड पाण्यात वाढलेल्या कासवाची पाठ वाळली की पांढरे चट्टे दिसतात आणि ओली झाली की नाहीसे होतात. ते क्षार आहेत, बुरशी नाही. औषध लावू नका.

खाणं

सुकी कोळंबी हा खाऊ आहे, जेवण नव्हे. तिच्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मुख्य खाणं म्हणून पाणकासवांसाठीचे चांगल्या प्रतीचे पेलेट घ्या. एका वेळचं माप: कासवाचं डोकं पोकळ असतं तर त्यात, मान सोडून, मावतील तेवढेच दाणे. वर्षाच्या आतल्या पिल्लाला रोज, एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोन-तीनदा. मोठ्या कासवाला रोज पाला. तुम्ही दिसलात की ते काचेवर पाय मारून मागणारच, ते भुकेचं लक्षण धरू नका. जास्त खाल्लेल्या कासवाच्या मांड्यांच्या खाचांतून चरबीचे गोळे बाहेर येतात आणि पाय आत घेता येत नाहीत.

आपल्याकडे सहज मिळणारं चांगलं: जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला, लेट्यूस, किसलेलं गाजर, लाल भोपळा. भाज्या फवारलेल्या असतात, त्या भरपूर पाण्यात धुवा. पालक, माठ, राजगिरा टाळा, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. जलपर्णी कासवं आवडीने खातात, पण ती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते. शहरातल्या नदी-नाल्यातली उचलून आणू नका. आठवड्यातून एकदा गांडूळ किंवा छोटा अख्खा मासा चालतो. पोळी, भात, पाव, शेव, दूध, खिमा, खारवलेला जवळा, यातलं काही नको.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे माकलीचं पांढरं हाड. पक्ष्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. मागची कडक बाजू सुरीने तासून काढा आणि तुकडा पाण्यात सोडून द्या. कासव हवं तेव्हा कुरतडतं.

वेगळ्या टबात कोमट पाणी घेऊन वीस मिनिटं खायला घातलं तर टाकी निम्मी कमी घाण होते. काही कासवं टब बदलला की बिथरतात आणि खात नाहीत, त्यांना टाकीतच घाला आणि उरलेलं गाळणीने काढा.

दुखणं ओळखणं आणि काय करायचं

महिन्यातून एकदा स्वयंपाकघराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या वजनकाट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन महिने सलग वजन उतरलं तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे न्या.

डोळे सुजून बंद होणं हे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतं. कधी पाण्यातल्या अमोनियाने. नुसते डोळ्यांचे थेंब पुरत नाहीत, खाणं आणि पाणी सुधारावं लागतं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, म्हणून घरी देऊ नका. कानाच्या जागी, डोळ्यामागे, एका बाजूला गाठ आली तर तो पू असतो. कासवाचा पू पनीरसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. तो डॉक्टरांनी कापूनच काढावा लागतो.

पोहताना एका बाजूला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणं ही न्यूमोनियाची लक्षणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर पाणी २८ अंशांवर आणा आणि खोली इतकीच ठेवा की नाक सहज वर येईल.

पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रे निघणं ही वाढीची खूण आहे. सोलू नका. पापुद्र्याखाली मऊ, खड्डा पडलेला, दुर्गंधी येणारा भाग असेल तर ती कुजण आहे. मऊ ब्रशने साफ करा, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन लावा, उबदार जागी कोरडं ठेवा आणि खाण्या-पिण्यासाठी दिवसातून तासभर पाण्यात सोडा. लाल डाग किंवा रक्त दिसलं, किंवा भाग खोल असला तर घरगुती उपचार थांबवा. पाठ चमकावी म्हणून खोबरेल तेल लावायची पद्धत फार घरांत दिसते. तिने घाण आणि जंतू पापुद्र्याखाली धरून राहतात. रंग, वॉर्निश तर मुळीच नको.

नर कधीकधी गडद रंगाचं लिंग शेपटीखालून बाहेर काढतो आणि मिनिटांत आत घेतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तासाभरात आत गेलं नाही तर साखरेच्या दाट पाण्याने ओलं ठेवून तातडीने न्या.

मादी नर नसतानाही अंडी घालते. ती मागच्या पायांनी कौल उकरू लागली, अस्वस्थ झाली, खाईना, की माती आणि वाळूचं दमट मिश्रण भरलेला खोल टब द्या. मातीचा थर निदान तिच्या पाठीच्या लांबीएवढा हवा. तिथे तिला एकटं सोडा. जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकतात. आठवडाभरात घातली नाहीत किंवा ती मलूल झाली तर एक्स-रे काढावा लागतो.

डॉक्टर निवडताना सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतात का हे फोनवरच विचारा. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देणं बरं, मागच्या पायांतलं रक्त मूत्रपिंडातून जातं. आणि आयव्हरमेक्टिन! कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला मारतं. ही गोष्ट स्वतः लक्षात ठेवा आणि डॉक्टरांनाही आठवण करून द्या. दवाखान्यात नेताना कासव पाण्यात नेऊ नका. भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल घालून न्या, हिसक्याने ते पाणी छातीत ओढतं.

घरातल्या माणसांची काळजी

धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद धुवा. टाकीची बादली, ब्रश, मग वेगळे ठेवा आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, आजारी किंवा वयस्क माणसं यांनी कासव हाताळू नये. लहान मुलं पापे घेतात, तिकडे लक्ष असू द्या.

सांभाळणं जमत नसेल तर

तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात किंवा विहिरीत सोडू नका. लाल कानाचं कासव जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ऊन खायच्या दगडांवरून ते आपल्या स्थानिक कासवांना हुसकावतं, त्यांचं खाणं खातं आणि घरातले जंतू त्यांना देतं. आधी ओळखीतल्या, मोठी टाकी असलेल्या माणसाला विचारा, मग शहरातल्या प्राणी बचाव संस्थेला. देताना टाकी, फिल्टर, हीटर आणि वजनाची वहीही सोबत द्या.